हिशेबाची स्क्रिप्ट एकाच यंत्राची मिंधी नको

ज्या व्यापारी बांधवांच्या दुकानात दिवसाचा हिशेब रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी शेल स्क्रिप्ट चालते, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. उद्या संगणक बदलला तर ती चालेल काय?

भरवसा धरू नये. २००६ साली उबुंटूने ‘एसएच’ या नावामागचा बॅश काढून तेथे डॅश बसवला. शेल ‘एसएच’ मागायचे आणि सोयी मात्र बॅशच्या वापरायच्या, अशा स्क्रिप्टा तेथे अडल्या. ‘सेड’ या आज्ञेचेही तसेच. फाइल जागच्या जागी बदलणारी तिची ओळ लिनक्सवर चालते, पण मॅकवर चुकते; कारण तेथे जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचे शेपूट आधी सांगावे लागते.

दोष यंत्राचा नाही, लिहिणाऱ्याच्या सवयीचा आहे. १९९२ पासून शेलसाठी पॉझिक्स हे सामाईक मानक आहे. त्यातल्याच आज्ञा वापरा, असे कारागिराला बजावून सांगा. मजुरी चुकवण्यापूर्वी स्क्रिप्ट लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालवून घ्या, उतरवलेला हिशेब उघडून पाहा. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील. पण वर्षाची उधारी बुडण्यापेक्षा ते स्वस्त आहे.