पाळीची नोंद झाली, मनाची राहिली

१७२१ साली इटलीतले वैद्य आंतोनियो व्हॅलिस्नेरी यांनी एका तरुण, विवाहित शेतकरी स्त्रीची नोंद करून ठेवली. अंगाने जराशी स्थूल, मूल नाही, अंडाशयं मोठी, पांढुरकी, कबुतराच्या अंड्याएवढी. आज आपण ज्याला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणतो, त्याच्याशी जुळणाऱ्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी हे एक. तिच्या अंडाशयांचा आकार तीन शतकं ओलांडून आपल्यापर्यंत आला, ती स्वतः मात्र आली नाही.

१९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. दोघांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी परत आली, दोघींना दिवस गेले आणि शस्त्रक्रिया यशस्वी ठरली. बाई बरी झाली की नाही हे पाळी आणि पाळणा यांवरून ठरवायचं, ही रीत तेव्हापासून पक्की झाली. पुढे या विकाराचं इन्सुलिनशी असलेलं नातं उलगडलं. २००३ मध्ये रॉटरडॅमचे निकष आले: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि सोनोग्राफीत अनेक पुटिकांची दिसणारी अंडाशयं, या तिन्हींपैकी कोणतीही दोन. निदान सोपं झालं, पण तपासणीच्या खोलीत विचारले जाणारे प्रश्नही तेवढ्यापुरतेच राहिले.

प्रत्येक रुग्णाला निदान होताच नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१८ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. त्यामागे भक्कम पुरावा आहे. या स्त्रियांमध्ये नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात आणि वजनाचा फरक बाजूला ठेवला तरी हे अंतर मिटत नाही. म्हणून ‘वजन उतरलं की मन आपोआप ताळ्यावर येईल’ हा दिलासा खोटा आहे.

आपल्या ओपीडीत काय घडतं? मुलगी आईबरोबर येते. हनुवटीवरची लव दिसू नये म्हणून ओढणी वर घेतलेली. डॉक्टर सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहतात, गोळ्या लिहून देतात आणि सांगतात, ‘वजन कमी करा.’ आई विचारते, ‘लग्नात अडचण नाही ना येणार?’ त्यावर बोलणं होतं. मुलगी कॉलेजला जायचं टाळते, रात्र रात्र जागते, दिवसभर उपाशी राहून मग चोरून खाते, याची चौकशी कुणीच करत नाही. बाहेर पडताना तिच्या हातात कागद असतो आणि डोक्यात एकच वाक्य: दोष माझाच.

अशा मुली थोड्याथोडक्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. मुंबईत १५ ते २४ वयोगटातल्या मुलींच्या पाहणीत रॉटरडॅमच्या निकषांनी हे प्रमाण २२.५ टक्के निघालं, अधिक कडक निकषांनी १०.७ टक्के. कमीतला आकडा धरला तरी दर दहा मुलींमागे एक.

गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ मिळणार नाही, हे खरं. पण पहिली पायरी त्यांच्यावाचून अडलेली नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? कशातच रस वाटेनासा झाला का? हे दोन प्रश्न नर्सताई किंवा समुपदेशक विचारू शकतात, फक्त आईला क्षणभर बाहेर बसवून. राज्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. हे सगळं आपापल्या जागी सुटं पडलं आहे. स्त्रीरोग विभागातून तिथपर्यंत जाणारी चिठ्ठी तेवढी कुणी लिहीत नाही.

ती चिठ्ठी आता सक्तीची करायला हवी. केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या तारखेला जशी ठरलेली जागा असते, तशी झोपेला आणि मनःस्थितीलाही असावी. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानला आहे. मूल हवं असो वा नसो, लग्न ठरो वा न ठरो, या हक्कासाठी ती बाई असणं पुरेसं आहे.