आजीला कमी दिसतंय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

‘वय झालं, आता कमी दिसणारच.’ धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमपासून पुण्या-मुंबईपर्यंत घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. पण कमी दिसण्याचं कारण अनेकदा वय नसतं, राहून गेलेला उपचार असतो.

आकडे काय सांगतात?

२०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात पन्नाशी ओलांडलेल्या १.९९ टक्के लोकांना अंधत्व होतं. त्यातल्या ६६.२ टक्के अंधत्वाचं कारण होतं मोतीबिंदू. म्हणजे साधारण तीनपैकी दोघांची नजर ऑपरेशन होऊ शकणाऱ्या आजाराने गेली होती.

नजरेसोबत आणखी काय जातं?

मुरुम हे उमरगा तालुक्यातलं, कर्नाटक सीमेजवळचं छोटं शहर. तालुक्याच्या कामाला उमरगा गाठावं लागतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे. पण गाडीची पाटीच दिसत नसेल, तर सोबतीला कुणीतरी लागतं. त्याचं तिकीट काढावं लागतं आणि त्याचा रोजही बुडतो.

श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यात येतात, पण हातात किती पडले हे दुसऱ्याला विचारावं लागतं. अक्षरओळख नसलेली अनेक माणसं नोट रंगावरून ओळखतात. मोतीबिंदूत रंगच फिके दिसतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांची अदलाबदल होण्याची भीती वेगळीच.

मग माणूस हळूहळू बाहेर पडणंच सोडतो. उपचार न झालेला दृष्टिदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक असल्याचं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये म्हटलं आहे.

ऑपरेशन का लांबतं?

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला जुना झाला. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशनचा विचार करता येतो. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ते मोफत होतं. पण सोबत कोण जाणार, नंतर डोळ्यांत थेंब कोण घालणार, यावर गाडी अडते. मुलगा म्हणतो, ‘दिवाळीला आलो की बघू.’ आजीच्या डोळ्यांचा निर्णय असा दुसऱ्याच्या सुट्टीवर ठरतो.

नजर परत येणार नसेल तर?

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. म्हणून लवकर तपासणी महत्त्वाची. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायलाच हवा.

अशा वेळी व्यवस्थेने बदलायला हवं. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि दृष्टिहीनांना घरपोच बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि दृष्टिहीनांना केवायसी करता येईल अशी सोय करण्याचे आदेश दिले. बँकेत अडवणूक झाली तर हे दोन्ही आधार सांगता येतात.

तुम्ही आज काय करू शकता?

घरातल्या ज्येष्ठांना, चष्मा असल्यास तो लावून, एकेक डोळा झाकायला सांगा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची मोठी तारीख वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर काही पावलांवरून बोटं मोजायला सांगा. दोन डोळ्यांत फरक जाणवला किंवा धूसर दिसलं, तर डॉक्टरांना दाखवा. गावी नसाल तर व्हिडिओ कॉलवर विचारा आणि तपासणीची तारीख ठरवूनच फोन ठेवा.