युरेनियमच्या खाणीआधी गावाला विचारा!

जनसुनावणी म्हणजे काय, हे खाणीशेजारी राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मांडवात जिल्ह्याचे अधिकारी बसतात आणि अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याचा आक्षेपही त्यांना इतिवृत्तात नोंदवावा लागतो. 8 सप्टेंबर 2025 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढून आण्विक व सामरिक खनिजांच्या खाणींना या सुनावणीतून सूट दिली. युरेनियम त्यातच आलं.

ज्यांना विचारायचंच नाही असं ठरलं, ते काय भोगतात हे झारखंडच्या जादूगोड्यात दिसतं. तिथे साठच्या दशकापासून खाण आहे. एक टन दगडातून किलोभरही युरेनियम निघत नाही. उरलेला दगड दळलेल्या गाळाच्या रूपात उघड्या तलावांत जातो आणि मूळ किरणोत्साराचा बहुतेक भाग त्या गाळातच राहतो. त्यातलं रेडियम निम्म्यावर यायलाच 1600 वर्षं लागतात. 24 डिसेंबर 2006 रोजी डुंगरीडीह गावाजवळ हा गाळ वाहून नेणारा पाइप फुटला आणि कित्येक तास गाळ नाल्यात वाहत राहिला. त्या नाल्याकाठी माणसं राहतात, गुरं पाणी पितात. डॉक्टरांच्या एका संघटनेने 2007 मध्ये केलेल्या पाहणीत खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंगं आणि वंध्यत्व दूरच्या गावांपेक्षा जास्त आढळलं. खाण चालवणाऱ्यांना हे मान्य नाही. नसेल, तर स्वतंत्र तपासणी करा आणि भर सभेत गावाला उत्तर द्या. तीच सभा आता रद्द केली आहे!

मेघालयात डोमियासियातच्या स्पिलिटी लिंगडोह लांगरिन या खासी आजींनी मोठ्या रकमेचा मोह बाजूला सारून युरेनियमच्या खाणीसाठी जमीन द्यायला नकार दिला. 2020 मध्ये त्या गेल्या. तिथली माणसं त्यांच्याच नकारावर आजही ठाम आहेत.

हा प्रश्न झारखंड-मेघालयापुरता नाही. सूट देशभर लागू आहे, त्यामुळे उद्या असं खनिज आपल्या तालुक्यात सापडलं तर आपल्यालाही कुणी विचारणार नाही. वीज आणि देशाची सुरक्षा आम्हालाही हवी आहे, पण तिची किंमत आदिवासींच्या पोराबाळांनी गुपचूप मोजावी, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेत हा आदेश मागे घेण्याचा ठराव मांडा. शहरात असाल तर आपल्या खासदारांना आणि पर्यावरण मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग रोड, नवी दिल्ली 110003 या पत्त्यावर पत्र लिहा. दोन ओळी पुरेत: आदेश मागे घ्या, जनसुनावणी परत द्या. पत्र आजच टाका.