काचेचं वय आणि नळीवरचा पुरावा

जुन्या सिने-लेन्सना आज जी किंमत येते, ती त्यांच्या मूळ कारागिरांना खरी वाटली नसती. हे दिवस डिजिटलने आणले. २००७ साली रेड वन कॅमेरा आला, २०१० साली ॲरीचा अलेक्सा. चित्र इतकं लख्ख दिसू लागलं की छायालेखकच त्याला कंटाळले आणि चेहऱ्यावर जरा माया करणारी काच शोधू लागले. या शोधात सर्वाधिक मान मिळाला तो इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कुक स्पीड पॅन्क्रोला.

ही लेन्स बोलपटाचं अपत्य आहे. मूकपटांच्या स्टुडिओत कार्बन आर्कचे दिवे जळत आणि जळताना आवाज करत. मायक्रोफोन आला आणि तो आवाज खपेना. टंगस्टनचे दिवे मुके, पण त्यांचा उजेड तांबूस. तांबडा रंग टिपणारी पॅन्क्रोमॅटिक फिल्म तोवर हाताशी होती. उणीव होती ती जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्सची. लेस्टरच्याच टेलर, टेलर अँड हॉबसन कंपनीतल्या होरेस ली यांनी १९२० सालीच एफ/२ची ‘ओपिक’ रचना सिद्ध केली होती. पॉल रुडॉल्फ यांच्या १८९६च्या प्लॅनार लेन्समधली दोन्ही बाजूंची सममिती त्यांनी मोडली होती. त्याच वळणावर १९३०च्या सुमारास स्पीड पॅन्क्रो आली. चित्रपटाच्या इतिहासात आवाज आणि प्रतिमा अशी दोन वेगळी प्रकरणं पाडतात, ते मला म्हणूनच पटत नाही.

आता हाती आलेली लेन्स कोणत्या सालची, हे कसं ठरवायचं? कोडॅकने काम सोपं केलं होतं: ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दातल्या दहा इंग्रजी अक्षरांना अंक वाटून दिले आणि क्रमांकाआधीच्या दोन अक्षरांत साल लपवलं. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा सालच सांगतात. लेस्टरच्या क्रमांकात असं काही वाचता येत नाही. मग पाहायचं ते कोरीव काम. (या कंपनीचं अक्षरं कोरण्याच्या यंत्रांतही मोठं नाव होतं.) लेन्सच्या जुन्या नळ्यांवर नाभीय अंतर इंचांत सापडतं. १९४६मध्ये कंपनी रँक समूहाकडे गेली, त्यामुळे ‘रँक’ कोरलेली नळी त्याआधीची नाही, एवढं नक्की.

काचेवरचा जांभळट-निळसर लेप मात्र फसवतो. परावर्तन रोखणाऱ्या लेपाचं पेटंट झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली घेतलं, आणि त्याचा सर्रास वापर महायुद्धानंतर झाला. म्हणून लेप दिसला की नवखा संग्राहक ‘युद्धानंतरची’ म्हणून मोकळा होतो. पण युद्धाआधीच्या कितीतरी लेन्सना नंतर लेप चढवून घेतला गेला. टी-स्टॉपच्या, म्हणजे काचेतून प्रत्यक्ष पार होणाऱ्या उजेडाच्या, खुणांचंही तेच. त्याही मागाहून कोरल्या गेल्या. लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं माउंट तर कॅमेरा बदलला की बदलायचं: आधी मिचेलचं, मग ॲरीचं, १९८०च्या दशकात पीएल. एकाच लेन्सच्या अंगावर असे तीन-चार काळ थरांसारखे साचलेले असतात, आणि ते वेगळे करत बसण्यातच या छंदाची खरी गंमत आहे.

नेमके हे थर आज पुसले जात आहेत. जुनी नळी फेकून फक्त काच काढायची आणि नव्या, एकसारख्या मापाच्या कवचात बसवायची, हा आता रीतसर धंदा झाला आहे. यात व्यवहाराची गरज आहे, हे मान्य. चित्रीकरणात फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला दातेरी कडं आणि दोन-अडीचशे अंशांची फिरकी लागते. जुन्या नळीची अपुरी फिरकी पाहून तो कपाळाला हात लावतो. काच कपाटात पडून राहण्यापेक्षा चित्रीकरणात फिरलेली बरी. पण नळीबरोबर क्रमांक, खुणा, दुरुस्त्या, जुन्या मालकाने ओरखडलेलं नाव, सारंच जातं. मग उरते ती ‘व्हिंटेज’ म्हणून विकली जाणारी, साल नसलेली काच. भाड्याने देणारे तिला बिनदिक्कत ‘१९३०च्या दशकातली’ म्हणतात, आणि खोडून काढायला पुरावाच नसतो.

आपण तरी वेगळं काय केलं? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, हे पाठ्यपुस्तकात येतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा घडवला, हे अभिमानाने सांगितलं जातं. त्यांच्या पुढ्यात कोणती काच होती, हे विचारण्याची आपल्याकडे रीतच नाही. कॅमेऱ्याचं नाव इतिहासात जातं, लेन्सचं सामानाच्या यादीतसुद्धा धड लागत नाही.

नव्या कवचावर जुना क्रमांक कोरायला जागा भरपूर असते. कवच बदलणाऱ्याने मूळ नळी मालकाला परत द्यावी, उघडण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रं काढावीत आणि कोणती काच मूळची, कोणती बदललेली, हे कागदावर लिहून द्यावं. एवढं झाल्याशिवाय खरेदीदाराने पैसे मोजू नयेत.