दांडीवरचे कपडे

रेकी संपवून शूटिंगच्या दिवशी लोकेशनवर पोचलो की आपला पहिला हुकूम ठरलेला असतो: ते दोरीवरचे कपडे काढा. या महिन्यात शितांगबद्दल लिहायचं ते त्या कपड्यांमुळे.

शितांग हे झेजियांग प्रांतातलं कालव्यांवर वसलेलं जुनं गाव. ‘मिशन: इम्पॉसिबल 3’ (2006) मध्ये टॉम क्रूझ जिथे जीव खाऊन पळतो ते हेच. पडद्यावर ते शांघायला चिकटून असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात अंतर सुमारे 90 किलोमीटर. एडिटर ते एका कटमध्ये गिळतो. प्रॉडक्शनवाल्याला डिझेलमध्ये मोजावं लागतं.

कमानीचे पूल त्या पट्ट्यातल्या गावोगावी आहेत. शितांगची खरी दौलत म्हणजे कालव्याच्या कडेने जाणारी छप्पर घातलेली वाट, सगळी मिळून किलोमीटरभराहून लांब. व्यापाऱ्यांना, ग्राहकांना पावसात भिजावं लागू नये म्हणून केलेली सोय. आपल्या दृष्टीने तिचे गुण निराळे. पाऊस लागला तरी ट्रॅकिंग शॉट अडत नाही. एका अंगाला दुकानांचा अंधार, दुसऱ्या अंगाला पाण्यावरून उसळलेला उजेड, तो चेहऱ्यावर खालून हलत राहतो. छप्पर ठेंगणं, वर लाइट टांगायची सोय नाही आणि खांब सारखे आड येतात. पण पात्र पळू लागलं की तेच खांब झपाझप मागे सरकतात आणि वेग दिसतो. कॅमेरामनने कुरकुर करण्याआधी एकदा पळून बघावं.

आता ते कपडे. चीनमध्ये ‘मिशन: इम्पॉसिबल 3’ लागला तेव्हा शांघायमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर सेन्सॉरची कात्री चालली. शहराची प्रतिमा बिघडते म्हणे. परक्या कॅमेऱ्याला जे देखणं वाटलं, त्याचीच घरच्यांना लाज वाटली. कपडे ज्या बाईचे, तिला दोघांपैकी कोणी विचारलं नसावं.

वुझेन या अशाच कालव्यांवरच्या दुसऱ्या जुन्या गावाचं उलटं. अभिनेते ह्वांग लेई यांच्या 2003 च्या मालिकेने हे गाव चीनभर घरोघरी पोचवलं. 2013 पासून तिथे नाट्यमहोत्सव भरतो, त्याच्या संस्थापकांतही ते आहेत. गावाचा पश्चिम भाग मात्र रहिवाशांना हलवून, तारा जमिनीखाली घालून नव्याने सजवला आणि 2007 मध्ये पर्यटकांना खुला केला. लाइन प्रोड्यूसरला याहून काय हवं? घरोघर जाऊन हात जोडायला नकोत, विजेच्या तारा लपवायला नकोत. आर्ट डिपार्टमेंटला काढण्यासारखं काही उरलेलं नाही. राहती माणसं तेवढी बाहेरून आणायची.

असल्या सोयीचा मोह आम्हालाही झालेला आहे. कृष्णेकाठच्या एका घाटावर धुणं धुणाऱ्या बाईंना आम्ही विनंती करून उठवलं आणि त्यांच्या जागी ज्युनियर आर्टिस्ट बसवली. कॉश्च्युमवाल्यांनी साड्या दिल्या त्या कोऱ्या, इस्त्रीच्या. पिळल्या तरी पाणी निथळेना. शेवटी त्या बाईंकडूनच एक ओलं लुगडं मागून आणलं.