उकळलेल्या पाण्यात काय उरते?



घरातील वृद्धांसाठी पाणी उकळावे, गाळावे आणि निवल्यावर तांब्यात भरून उशाशी ठेवावे, ही आपल्याकडील सेवेची जुनी रीत आहे. ती सोडण्याचे कारण नाही. जुलाबांमुळे शरीरातील पाणी कमी झाले, तर उतारवयात मूत्रपिंडांवरही आघात होऊ शकतो. जंतूंचा नाश म्हणूनच हवा. परंतु उकळल्यानंतरही पाण्यात काही उरते का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

या प्रश्नाची दोन्ही अंगे डॉ. अशोक गाडगीळ यांच्या कार्यात दिसतात. मुंबईत जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले गाडगीळ पुढे बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. १९९२-९३ मध्ये भारत व बांगलादेशात पटकीच्या नव्या जंतूने थैमान घातले, तेव्हा त्यांनी अतिनील किरणांचे एक साधे यंत्र घडविले. त्यात पाणी स्वतःच्या भाराने वाहते आणि वरच्या दिव्याचे किरण जंतूंची वाढण्याची शक्तीच नष्ट करतात. दिवा पाण्यात बुडत नसल्याने त्यावर क्षारांचे पुट चढत नाही. मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी त्यातून निर्जंतुक होते.

मात्र हे किरण केवळ जंतूंवर चालतात; पाण्यात विरघळलेल्या विषावर नाही. बंगालमध्ये तळ्यांतील दूषित पाणी टाळावे म्हणून गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतू टळले, पण भूगर्भातील आर्सेनिक पेल्यात आले. ते वर्षानुवर्षे पोटात गेल्याने त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय जाड व खरखरीत होतात आणि कर्करोगाचाही धोका वाढतो.

यासाठी गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग शोधला. पाण्यात लोखंडी पट्ट्या ठेवून सौम्य विद्युत्प्रवाह सोडला, की गंजाचे सूक्ष्म कण तयार होतात. आर्सेनिक त्या कणांना चिकटते आणि त्यांच्यासह तळाशी बसते. जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने पश्चिम बंगालमधील धपधपी येथील शाळेच्या आवारात दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचे असे केंद्र २०१६ मध्ये उभे राहिले.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. त्यावरील उपाय वेगळे आहेत. परंतु बोध तोच. फ्लोराइड उकळल्याने जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटले, की त्याचे प्रमाण किंचित वाढते. दीर्घकाळ असे पाणी प्यायल्यास सांधे आखडतात, पाठ ताठ होते, वाकणे कठीण जाते. घरात मात्र आपण म्हणतो, ‘आता वयच झाले!’ आजीच्या दुखण्याचे मूळ कदाचित अंगणातील बोअरच्या पाण्यात असते आणि तेच पाणी नातवंडेही पीत असतात.

म्हणून पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

• घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पीत असाल, तर जवळच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतून ते तपासून घ्यावे. चौकशी ग्रामपंचायतीत करता येईल.

• अहवालात जंतूंबरोबरच फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक यांचेही प्रमाण पाहावे. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत असावे.

• शुद्धीकरण यंत्र अहवाल हाती आल्यावर निवडावे. केवळ अतिनील दिव्याचे यंत्र फ्लोराइड काढू शकत नाही.

• मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात फ्लोराइड अधिक साठते. त्यांच्या बाबतीत तपासणी लांबवू नये.

• सांधेदुखीसाठी डॉक्टरांकडे जाताना आपण कोठले पाणी पितो, हेही आवर्जून सांगावे.

अहवाल येईपर्यंत भीतीपोटी वृद्धांचे पाणी कमी करू नये. शक्य असल्यास खात्रीच्या स्रोतातून आणावे. उशाशी तांब्या भरून ठेवण्यातील माया तीच राहू द्या. फक्त त्यातील पाण्याची एकदा नीट ओळख करून घ्या.