देणगी आता अकरावीच्या दारात

दहावीचा निकाल लागला की श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीसारख्या गावात एकच प्रश्न घरोघर चर्चिला जातो : मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करावयाचे, तर अकरावीला घालावयाचे कोठे? दौंड–मनमाड लोहमार्गावरचे हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. घोडच्या पाण्यावर ऊस, लिंबू आणि दुभती जनावरे सांभाळणारी कुटुंबे येथे आहेत, तशीच त्यांच्या शेतावर रोजंदारी करणारीही आहेत. तालुक्यातले कनिष्ठ महाविद्यालय पुरेल, की नगर, पुणे, लातूर गाठावे, की थेट राजस्थानातले कोटा? प्रश्न महाविद्यालयाच्या निवडीचा वाटतो. वस्तुतः तो महाविद्यालयाचा उरलेलाच नाही, आणि हीच आजच्या परिस्थितीतील मुख्य गोष्ट आहे.

दहा अधिक दोनचा आकृतिबंध येण्यापूर्वी वैद्यकीय प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर ठरत असे. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापन केलेले अहमदनगर महाविद्यालय किंवा पुण्याची जुनी महाविद्यालये यांतून जिल्ह्यातले विद्यार्थी त्या परीक्षेला बसत. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. खेड्यातली फार थोडी मुले, आणि त्याहून थोड्या मुली, तेथवर पोहोचत. परंतु पोहोचलेल्याला शिकविण्याची जबाबदारी महाविद्यालयाचीच होती. वर्गातला प्राध्यापक आणि प्रयोगशाळा यांच्यावरच विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून असे.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ‘नीट’ पुन्हा लागू झाली आणि हा धागा तुटला. आता बारावीत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४० टक्के गुण मिळाले की पुरे. पुढचा सारा निर्णय ७२० गुणांच्या एका परीक्षेवर. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे. प्रयोगशाळेत हाताने केलेल्या कामाला तेथे काही मोल नाही. ज्या कामाला गुण नाहीत, त्या कामाला वेळ कोण देणार? त्यामुळे अनेक कनिष्ठ महाविद्यालयांचे काम नाव नोंदविणे, हजेरी लावणे आणि परीक्षेचा अर्ज भरणे एवढेच उरले. अध्यापन शिकवणी वर्गांकडे गेले, आणि दोघांनी संगनमत करून त्याला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव दिले. ही हजेरी खरी ठरावी म्हणून राज्य शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक उपस्थितीचा आदेश काढला. २०२४ च्या जानेवारीत केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत घेऊ नये अशी मार्गदर्शक सूचना केली. दोन्हींनी व्यवहाराचे मूळ स्वरूप बदललेले नाही.

ते स्वरूप समाजवादी कार्यकर्त्यांना अपरिचित नसावे. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांना दारे उघडण्यात आली. याच जिल्ह्यात लोणी येथे १९८४ मध्ये असे महाविद्यालय निघाले. पुढे राज्यभर देणगीचा, म्हणजे कॅपिटेशन फीचा, बभ्रा झाला आणि १९८७ साली तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. देणगीविरुद्ध पुरोगामी चळवळींनी आवाज उठविला, तो योग्यच होता. परंतु चळवळीची नजर वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारावरच खिळून राहिली. दरम्यान वसुलीचे ठिकाण दोन वर्षे अलीकडे सरकले.

या स्थलांतराचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. जुनी देणगी अन्यायकारक होती, पण ती ज्याला जागा मिळे त्याच्याकडूनच घेतली जाई. आताची रक्कम जागा न मिळणाऱ्यांकडूनही घेतली जाते. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख विद्यार्थी ‘नीट’ला बसले, देशात एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसांतल्या एकोणिसांनी जे मिळणारच नव्हते त्याची किंमत आधी मोजली, काहींनी दोनदा, तीनदा. शिवाय त्या वर्षी १३ लाखांहून अधिक जण ‘पात्र’ ठरले. जागांच्या दहापटींहून अधिक पात्र उमेदवार असले की अखेरच्या महागड्या खासगी जागांपाशी गुण मागे पडतात आणि पैसा पुढे येतो. शेतमजुराच्या मुलीची वाट अशी दोन ठिकाणी अडविली जाते.

‘नीट’चे समर्थक म्हणतात, प्रश्नपत्रिका सर्वांना एकच आहे. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. खासगी संस्थांच्या स्वतंत्र परीक्षांचा गोंधळ तिने थांबविला, आणि केवळ बारावीच्या गुणांवर परत जावे तर कॉपीची केंद्रे पुन्हा उभी राहतील. परंतु प्रश्नपत्रिका एक असली तरी तयारी एक नाही, आणि २०२४ च्या पेपरफुटीने प्रश्नपत्रिकेच्या पावित्र्याचाही भरवसा उरू दिला नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखून ‘नीट’च्या चौकटीतच एक मार्ग काढला. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळा व ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांत शिकलेल्यांसाठी तसा विचार का होऊ नये?

तोवर काष्टीच्या पालकाला काय सांगावयाचे? त्याने गाय विकली किंवा जमीन गहाण टाकली, तर त्याला लोभी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याच्यापुढे पर्यायच तसे ठेवले आहेत. पण काही प्रश्न विचारावयास त्याला शिकविता येईल. या महाविद्यालयात तीनही विज्ञान विषयांना नियमित शिक्षक आहेत, की तासिका तत्त्वावर नेमलेले? प्रयोगशाळा चालते का? यशस्वी मुलांची छायाचित्रे फलकावर लावणारे, प्रवेश घेतलेल्यांची एकूण संख्या सांगतात का? मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतात का? आणि प्रवेश हुकला, तर परिचर्या, औषधनिर्माण, कृषी वा विज्ञानाच्या पदवीकडे वळण्याइतका पाया येथे तयार होईल का? ज्या जवळच्या महाविद्यालयाची उत्तरे समाधानकारक असतील, ते दूरच्या झगमगाटापेक्षा श्रेयस्कर. वसतिगृहाचा खर्च वाचतो, आणि सोळा वर्षांचे मूल घरात राहते, हीही लहान गोष्ट नव्हे.

कार्यकर्त्यांचे काम याहून मोठे आहे. विज्ञान शिक्षकांची रिक्त पदे भरणे, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातच ‘नीट’ची तयारी विनामूल्य करून घेणे आणि नुसत्या हजेरीपटावर चालणाऱ्या संस्थांची मान्यता काढणे, या मागण्या तालुका पातळीवरून उठल्या पाहिजेत. २०२५ च्या मे महिन्यात चोंडी येथील बैठकीत मंत्रिमंडळाने जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर केले. ती मंजुरी कागदावर राहू नये, हे पाहण्याचेही काम आहेच. परंतु ते महाविद्यालय उभे राहिले आणि त्यात शिकवणीचे लाखो रुपये भरू शकणाऱ्यांचीच मुले बसली, तर ज्या गावांच्या नावाने ते मागितले त्या गावांना त्याचा उपयोग काय? कर्मवीरांच्या वसतिगृहांनी एकेकाळी गरीब मुलाला शिक्षणापर्यंत आणले. आज ते शिक्षण गावाजवळच्या वर्गात परत आणण्याची लढाई आहे, आणि तिची सुरुवात अकरावीच्या दारातूनच करावी लागेल.